न घातलेले टाके

नोव्हेंबरात मूलच्या बसस्टँडवर उतरलं की आधी राइस मिलचा वास येतो. उकडलेल्या धानाचा, ओल्या कोंड्याचा, जरासा आंबूस. बाहेरून बदलून आलेले मास्तर या वासानं नाकाला रुमाल लावतात. मला भूक लागते. यंदाही लागली. गावाकडे जाणाऱ्या काळीपिवळीत बसले, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्यांमधून, शेताच्या छोट्या तुकड्यांमधून, धान कापून आडवं पडलेलं होतं, उन्हात वाळत. काही ठिकाणी कापलेल्या धानाचे ढीग, पुंजणे, रचून झाले होते. ज्या बांधीत ओल होती तिथे कापलेल्या धसकटांमधून लाखोळीचे कोवळे कोंब वर आले होते. वर्षातले हे सगळ्यात देखणे दिवस. ऊन असतं पण भाजत नाही, सकाळी गारवा असतो पण बोचत नाही, आणि गावात प्रत्येकाच्या चेहऱ्यावर, वर्षभर नसतो असा, पोटाचा निवांतपणा असतो.

माझ्यासाठी मात्र या दिवसांमधला एकच हंगाम उरला आहे. लहानपणीचे हंगाम होते की. बाबा होते, खळ्यावर बैल फिरायचे, मंडईच्या जत्रेतून आणलेली शिट्टी वाजवत आम्ही तनसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर लोळायचो, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा उकडून खायचो. ते सगळे हंगाम एकमेकांत मिसळून गेले. कोणता कोणता ते आता सांगता येत नाही. हा एक तेवढा वेगळा राहिला. धानाचं पातं हाताला लागलं की तो आठवतो, आणि धानाचं पातं तर लागतंच.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई, कुंदा, कुरखेड्याला दिलेली होती. नवरा आजारी पडत पडत गेला. तो गेल्यावर सासरच्यांनी तिचं रक्त तपासून घेतलं आणि कागद हातात पडल्या पडल्या तिला लोखंडी पेटीसकट मूलच्या बसमध्ये बसवून दिलं. तिला एचआयव्ही आहे हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. तिथे गोळ्या सुरू झाल्या. तिथल्या ताईंनी समजावून सांगितलं, रोज वेळेवर घ्या, काही होत नाही, पुढे तपासणीत विषाणू दिसणारसुद्धा नाही. तसंच झालं. बाई भरली, केस दाट झाले, आवाज पहिल्यासारखा मोठा झाला. मायला आम्ही सांगितलं होतं की रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या आहेत. मायनं विश्वास ठेवला. बाबा गेल्यापासून शेती मायच्या अंगावर होती. बाई आली तशी माय सकाळी जरा उशिरा उठायला लागली. दोघी एकाच ताटात जेवायच्या. वरणात भात कालवून एका बाजूनं माय खायची, एका बाजूनं बाई. भांडं कमी घासावं लागतं, असं माय म्हणायची. कारण ते नव्हतं.

आता डॉक्टरसाहेबांबद्दल. त्यांचं नाव आम्ही कधी घेतलंच नाही, गावात कोणीच घेत नसे. मूलच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना. बाबांच्या मांडीला मोठं गळू झालं होतं तेव्हा ते आमच्या घरी आले होते, अंगणातल्या खाटेवर बाबांना पालथं निजवून त्यांनी ते गळू फोडलं होतं. हातात मोजे नव्हते. पू त्यांच्या मनगटापर्यंत आला होता आणि ते बाबांशी धानाच्या भावाबद्दल बोलत होते. मला शाळेत असताना मेंदूचा मलेरिया झाला, तेव्हा माझ्या उशाशी ते किती तरी वेळ बसून राहिले. मी वाचले ती त्यांच्यामुळे. हे मी आजही म्हणते, म्हणावंच लागतं. पूर आला की कंबरभर पाण्यातून ते औषधं घेऊन गावोगाव फिरले आहेत. बाई आणि मी, आम्हा दोघींची लहानपणापासूनची सगळी दुखणी त्यांच्या हातून गेलेली. दर हंगामात नव्या तांदळाची पहिली पायली देवाला आणि दुसरी डॉक्टरसाहेबांकडे, ही आमच्या घरची रीत होती. ते बाईच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचे, कुंदे, यंदा तांदूळ जाडा दिला तुह्या मायनं.

मी चंद्रपूरला शाळेत शिकवते. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावाला होते. बांधीत कापणी सुरू होती. सकाळचं दव अजून पात्यांवर होतं आणि दवात धान मऊ पडतं, विळा सरकतो. बाई पुढच्या ओळीत होती, मी मागे कापलेल्या धानाच्या कडपा नीट लावत होते. ती ओरडली नाही. नुसती थांबली. मी पाहिलं तर डाव्या हाताच्या दोन बोटांच्या मुळाशी विळा आत गेला होता आणि मुठीतल्या धानावरून रक्त खाली गळत होतं. शेजारच्या ओळीतली शांताकाकू, आमच्या घराला लागून राहणारी, पदराचा काठ फाडत धावली. बाईनं तिला दुरूनच थांबवलं. हात नको लावू काकू, म्हणाली. शांताकाकूला वाटलं, दुखतंय म्हणून. बाईनं स्वतःच डोक्याचा रुमाल सोडला आणि दातानं गाठ मारली. मग रक्त लागलेलं ते धान तिनं वेगळं उचललं आणि बांधीच्या कडेच्या धुऱ्यापलीकडे नेऊन टाकलं. काय गरज होती, कोणालाच काही होणार नव्हतं. पण ती तशीच होती. दुसऱ्याची काळजी घेण्यात ती कधी कमी पडली नाही.

मी तिला स्कूटीवर मागे बसवून मूलला आणलं. कापणीच्या दिवसांत डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात दर दुसऱ्या माणसाच्या हाताला फडकं असतं. बाकावर जागा नव्हती. त्यांनी पडद्याच्या फटीतून आम्हाला पाहिलं आणि नंबर नसताना आत बोलावलं. घरचीच माणसं. बाईला लाकडी स्टुलावर बसवलं, रुमाल सोडला, जखमेवर पाणी ओतलं, बोट हलवून पाहायला सांगितलं. टाके लागतील, म्हणाले, आणि कंपाउंडरला ट्रे आणायला सांगून मला विचारू लागले की शाळा कशी चालली आहे. सुईत दोरा ओवलेला होता. माझ्या डोळ्यांपुढे ती सुई अजून आहे, अर्ध्या चंद्रासारखी वाकडी.

तेव्हा बाई म्हणाली, "साहेब, आधी मोजे घालून घ्या जी."

ते हसले. आता तू शिकवणार काय मले, असं काहीतरी म्हणाले.

"नाई जी. मले एचआयव्ही आहे. गोळ्या चालू आहेत. तुमाले ठाऊक असलं पाह्यजे म्हणून सांगून राह्यले."

तिनं ते मुद्दाम हळू सांगितलं होतं. तिला सांगायची सक्ती नव्हती, मोजे तर त्यांनी तसेही घालायला हवे होते. पण इतकी वर्षं ज्यानं आपल्याला पाहिलं त्याला अंधारात ठेवून त्याचा हात आपल्या रक्ताला लावायचा, हे तिच्या मनाला पटणारं नव्हतं. तिला वाटलं होतं, घरच्या डॉक्टराला सांगायचं नाही तर कोणाला सांगायचं.

डॉक्टरसाहेबांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. फेकली नाही, आपटली नाही, नीट ठेवली. मग खुर्ची पायानं मागे ढकलली. खुर्चीच्या पायांचा फरशीवर आवाज झाला तेवढाच. त्यांनी विचारलं, आणि हे मात्र हळू आवाजात विचारलं नाही, "नवऱ्यानंच दिलं ना? का दुसरं काई?"

मध्ये फक्त पडदा होता. पलीकडचा बाक एकदम गप्प झाला.

बाईच्या बोटांमधून रक्त परत सुरू झालं होतं. तिनं दुसऱ्या हाताचा खोलगा करून ते धरलं, त्यांच्या फरशीवर पडू नये म्हणून. ती म्हणाली, नवऱ्यानंच जी. त्यांनी मान हलवली, खरं मानल्यासारखी नाही, ऐकून घेतल्यासारखी. मग मला म्हणाले की इथे सोय नाही, चंद्रपूरला घेऊन जा, मोठ्या दवाखान्यात. टाके घालायची सोय नाही, हे ज्या टेबलाजवळ ते म्हणाले त्याच टेबलावर ट्रे होता. कंपाउंडरनं कापसाची गुंडाळी माझ्याकडे टाकली. हातात दिली नाही. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा आतून डॉक्टरसाहेबांचा आवाज आला, तो स्टूल बाहेर काढ आणि फिनेलनं पूस.

अजूनही कधी कधी मला वाटतं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. सभ्य माणूस मागे सरकतो तेव्हा आपल्यापाशी काहीच राहत नाही, आपण फक्त त्याच्या आणि आपल्या मधली वाढलेली जागा बघत राहतो.

स्कूटी तिथेच ठेवून आम्ही चंद्रपूरच्या बसमध्ये बसलो. जंगलातून जाणारा रस्ता, दोन्हीकडे सागाची पानं वाळायला लागलेली. शेजारच्या सीटवरची म्हातारी बाईचा हात पाहून हळहळली, आपल्या थैलीतून हळद काढून देऊ लागली. बाईनं हात लुगड्याच्या घोळात लपवला आणि झोप आल्यासारखे डोळे मिटले. सरकारी दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा एका थकलेल्या तरुण डॉक्टरनं मोजे चढवले, बाईचं सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि शिवायला बसला. त्याच्या तोंडावर दया नव्हती आणि किळसही नव्हती. त्याला जेवायला जायचं होतं. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. तो एवढंच ओरडला की इतका उशीर काऊन केला, आतली शीर तुटली आहे, बोटं पूर्ण वाकतील असं वाटत नाही. ती वाकली नाहीत.

तिसऱ्या प्रहरी, उन्हं कलती झाली असताना, डॉक्टरसाहेब आमच्या घरी आले. त्याच आठवड्यात. गाडी रस्त्यावर उभी करून चालत आले, कारण गल्लीत धान वाळत घातलं होतं. बाबा गेल्यापासून ते घरी आले नव्हते. मायला किती आनंद झाला. तिनं खाट झाडली, चादर टाकली, चहा ठेवला. बाई आत निजली होती. मी ओसरीवर होते.

त्यांनी मायला सगळं सांगितलं. मी मध्ये बोलायचा प्रयत्न केला तर त्यांनी हातानं मला थांबवलं, मोठ्या माणसानं थांबवावं तसं. ते प्रेमानं बोलत होते. ते खोटं नव्हतं, मायवर त्यांचा जीव होता. म्हणाले, काकू, तुमचं वय झालं, तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून मी आलो. पोरीचं ताट वेगळं ठेवा. तिचे कपडे वेगळे धुवा. हात पुरा बरा होईपर्यंत स्वयंपाकाला लावू नका, आणि नंतरही नाही लावला तर बरं. मायनं विचारलं, किती दिवसांची आहे ती. ते म्हणाले, देवाच्या हाती.

चहा आला. ज्या माणसानं आमच्या अंगणात बाबांचा पू हातावर घेऊन धानाच्या भावाच्या गप्पा मारल्या होत्या, त्यानं कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, ॲसिडिटी झाली आहे.

मायला ताटांचं काही कळत नव्हतं, विषाणूचं काही कळत नव्हतं. पण तो न उचललेला कप तिला कळला. मी तिला त्या दिवशी आणि नंतरही किती समजावलं. एका ताटात जेवून काही होत नाही माय, सरकारी दवाखान्यात सांगितलं आहे, पुस्तकात लिहिलेलं आहे. ती ऐकून घ्यायची. शेवटी म्हणाली, "तुह्या पुस्तकानं तुले नाई वाचवलं. तुले ज्यानं वाचवलं त्याचं ऐकू का तुह्यं?"

डॉक्टरसाहेब येऊन गेले त्याच संध्याकाळी बाईसमोर स्टीलचं ताट आलं, काठाला चेपलेलं, कुत्र्याला भात टाकायचं नव्हे पण त्याच फळीवरचं. बाईनं उजव्या हातानं भात कालवला आणि सवयीनं ताटाची एक बाजू रिकामी ठेवून खाऊ लागली. मायनं ते पाहिलं आणि उठून चुलीपाशी गेली. तिनं चूल फुंकायला सुरुवात केली. चूल पेटलेलीच होती.

पुढचं गावानं केलं. पडद्यापलीकडच्या बाकावरून बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. कापणीला येणाऱ्या बायका दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत; का, ते मायला डॉक्टरसाहेब येऊन गेल्यावरच कळलं. धान पिकून लोंब्या झडायला लागलेल्या. माय घरोघर गेली. शांताकाकूनं दारातच सांगितलं की येऊ, पण कुंदानं बांधीत पाय ठेवायचा नाही, तिचं रक्त पडलं आहे तिथे. बाईनं ते ओसरीवरून ऐकलं. नंतर बायका आल्या, आमचं धान कापलं, ज्या ठिकाणी ती थांबली होती तेवढा तुकडा मात्र उभा ठेवून गेल्या. वाऱ्यावर तो तुकडा हलायचा. शेवटी माझ्या मायनं तो एकटीनं कापला आणि त्याचं धान पुंजण्यात घातलं नाही.

मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. दुपारची वेळ होती, पेशंट नव्हते. त्यांनी बस म्हटलं. स्टूल नवीन होता. मी त्यांना विचारलं की तुम्हाला हे सगळं माहीत नाही का. ते म्हणाले, तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोजे घातले की काही होत नाही हे माहीत आहे, ताटानं काही होत नाही हेही माहीत आहे. मग? तर म्हणाले की उद्या बाहेर समजलं, या सुईनं कुंदाला शिवलं, तर माझ्या बाकावर कोण बसेल? मला याच गावात राहायचं आहे. मायला ताटाचं का सांगितलं, हे मी विचारलं. मग म्हणाले, काळजी घेतलेली बरी. मी म्हटलं, असं वागायला कायद्यानं बंदी आहे, मी तक्रार करते.

ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "कर ना. पण कागदावर कुंदाचंच नाव लिहावं लागंल तुले. लिहिशील?"

आज मला ठाऊक आहे की नाव झाकून तक्रार करता येते. त्या दिवशी ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ठाऊक होतं की नाही ते मी सांगू शकत नाही. घरी येऊन मी बाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, राहू दे, पेटी भर. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, व्हायच्या आत आम्ही दोघी चंद्रपूरला आलो. निघताना मायनं नव्या तांदळाची पिशवी दिली. ती पिशवी तिनं माझ्या हातात दिली.

त्याला आता बरेच हंगाम झाले. बाई माझ्या घराजवळ, शहराच्या जुन्या परकोटाच्या आतल्या एका गल्लीत खोली घेऊन राहते. मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते. वाकत नसलेल्या बोटांनी ती पोळ्या कशा लाटते हे पाहण्यासारखं आहे. मुलींना तिच्या हातचं आवडतं. गोळ्या चुकवत नाही, तपासणीत विषाणू दिसत नाही. माय वर्षातून एकदा येते, बाईच्या खोलीवर दोन दिवस राहते, तिच्या केसांना तेल लावून देते, आणि येताना पिशवीत आपलं ताट, आपला पेला घेऊन येते. मायला परक्या भांड्यात जेवण जात नाही, असं बाई म्हणते. दोघी समोरासमोर बसून जेवतात. मला ते पाहवत नाही, मी काहीतरी कारण काढून बाहेर जाते. डॉक्टरसाहेब अजून दवाखान्यात बसतात. गाव त्यांना देवमाणूस म्हणतं, आणि गावाचं काही चुकत नाही, गावासाठी ते आहेतच.

यंदा मायकडून परत आले तर बाई तापानं फणफणलेली. सरकारी दवाखान्यातलं तिच्या गोळ्यांचं केंद्र दिवाळीसाठी बंद होतं. गल्लीच्या तोंडाशी एका तरुण डॉक्टर मुलीनं नवा दवाखाना उघडला आहे, तिथे मी तिला नेलं. भिंतीला अजून रंगाचा वास होता. मुलगी चांगली होती. बाईला तिनं मावशी म्हटलं, पलंगावर बसवलं, नाडी पाहायला मनगट धरलं आणि बोलता बोलता तसंच धरून ठेवलं. कुठलं गाव, काय काम करता, जेवता काय. मग विचारलं की मावशी, दुसरं काही दुखणं आहे का, रोजच्या काही गोळ्या चालू आहेत का.

बाई तिच्याकडे पाहून इतकं मोकळं हसली की मी चकित झाले.

"काई नाई वं माय. मले तं कधी डोकंही दुखत नाई."

डॉक्टरनं औषधं लिहून दिली. ती बाईच्या रोजच्या गोळ्यांबरोबर चालतात की नाही, हे त्या डॉक्टर मुलीला सगळं सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं. बाहेर येऊन पायरीवर मी बाईला म्हटलं, चल, आत जाऊन सांगू, ही तशी नाही, हिचा चेहराच सांगतो. बाईनं ऐकलं. तापानं तिचे ओठ सुकले होते. उजव्या हातानं ती डाव्या मनगटावर, जिथे त्या मुलीनं धरलं होतं तिथे, हळूहळू चोळत होती.

"नको," ती म्हणाली. "चांगला धरला तिनं हात. राहू दे आता."

आणि औषधाच्या दुकानाकडे चालू लागली.